बारावा आला की बंद

"दादा, तुमचा कंप्युटर खोटं बोलून राहिला."

ती हे म्हणाली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. अभ्यासिकेच्या भिंतीवर एक जुना मॉनिटर टांगलेला आहे, मी त्याच्याकडे बोट दाखवत होतो. पडद्यावर सगळं हिरवं होतं. सीपीयू १४ टक्के. मेमरी ८ जीबी, त्यातली ३ वापरात. अपटाइम ४३ दिवस.

"हे बघ. त्रेचाळीस दिवसांत मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. तुझ्या मोबाइलचं वायफाय सुटत असेल."

"मंग सगळ्यांचंच एका वेळी कसं सुटते?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तरी मी दिलं. "राउटर जुना आहे."

तिने वाद घातला नाही. दाराजवळची हजेरीची वही उघडली, मागच्या पानावर काहीतरी खरडलं, चप्पल घातली आणि निघून गेली. तिचा सराव पेपर अर्ध्यातच गेला होता. साठेक प्रश्न सोडवून झाले होते. पान परत उघडलं की पुन्हा प्रश्न पहिला.

मी पडद्याकडे परत एकदा पाहिलं. हिरवंच होतं. मला बरं वाटलं.

*

मी एटापल्लीचा. गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा उघडलात तर दक्षिणेकडे, आलापल्लीहून आत वळल्यावर सापडेल. सूरजागडचा डोंगर आमच्याच तालुक्यात. पुण्यात सात वर्षं नोकरी केली. काम काय, तर लोकांच्या सर्व्हरवर देखरेख. रात्री तीनला फोन वाजला की उठायचं, लॅपटॉप उघडायचा, कुठली रेघ लाल झाली ते बघायचं. वडिलांना लकवा मारला आणि मी घरी आलो. कंपनीने घरून काम करू दिलं. आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी संपते आणि नेटवर्कही जातं, हे मी कंपनीला एकदम सांगितलं नाही. हळूहळू सांगितलं.

गावात आम्ही चौघांनी मिळून अभ्यासिका काढली. दोन खोल्या, वीस खुर्च्या. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी यांची तयारी करणारी पोरं-पोरी येतात. निम्मी माडिया बोलणारी, काही घरी तेलुगू बोलणारी, काही माझ्यासारखी मराठी. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून एका ऑफिसने काढून टाकलेला ८ जीबी रॅमचा कंप्युटर आणून त्यालाच सर्व्हर केला. त्यात किविक्स टाकलं. त्यावर अख्खा मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय उघडतो. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ टाकल्या. आणि सराव पेपरचं एक छोटं ॲप मी स्वतः लिहिलं. १०० मार्क, ९० मिनिटं, खऱ्या लेखी परीक्षेसारखं. पोरांनी मोबाइल आमच्या वायफायला जोडायचा, बाहेरचं जग बंद असलं तरी पेपर सुरू.

निदान कल्पना तशी होती.

हे सगळं मी कंटेनरमध्ये ठेवलं होतं. किविक्सचा एक, पीडीएफचा एक, पेपरचा एक, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ग्लान्सेस नावाच्या टूलचा एक. भिंतीवर दिसायचं ते हेच ग्लान्सेस. पुण्यात रोज हेच करायचो, हात आपोआप वळले.

*

कंटेनर म्हटलं की डोळ्यांसमोर लोखंडी पेटी येते. बंदरावर एकावर एक रचलेल्या असतात तशी. नावाने सगळ्यांची दिशाभूल होते, माझीही झाली. लिनक्सच्या आत कंटेनर नावाची कुठलीच पेटी नाही. दोन नियम आहेत फक्त.

पहिला नियम: तुला काय दिसेल. याला नेमस्पेस म्हणतात. आत चालणाऱ्या प्रोग्रामला फक्त आपल्याच घरातल्या प्रोसेस दिसतात, आपल्याच फायली दिसतात. तो स्वतःला प्रोसेस नंबर १ समजतो. याच दिशेचं एक अगदी जुनं पाऊल १९७९ चं आहे, युनिक्समधलं सीएचरूट. एखाद्या प्रोग्रामला एकाच फोल्डरला अख्खी दुनिया समजायला लावायचं.

दुसरा नियम: तुला किती खाता येईल. याला सीग्रुप म्हणतात. गूगलमध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये यावर काम सुरू केलं. तेव्हा त्याला 'प्रोसेस कंटेनर' म्हणत, पण लिनक्समध्ये कंटेनर या शब्दाचे आधीच बरेच अर्थ होते, म्हणून नाव बदलून 'कंट्रोल ग्रुप' केलं. जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीत ते आलं. मग मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी सँटा क्लारातल्या पायकॉनमध्ये पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं, आणि हे दोन नियम जगभरच्या माझ्यासारख्यांच्या हातात एका कमांडवर आले.

दोन्ही नियम वेगवेगळे आहेत. दिसण्याचा वेगळा, खाण्याचा वेगळा. आणि दोघांच्या मध्ये एक फट राहून गेलेली आहे.

आमच्याकडे धान ठेवायला बांबूची ढोली असते. समजा एकत्र कुटुंबाचं घर आहे. ढोलीत आठ पोती धान आहे. घरात चार भाऊ, चार खोल्या. एका भावाला सांगून ठेवलंय की तुझ्या वाट्याला अर्धं पोतं, त्याच्यावर एक दाणा घेतलास तर घराबाहेर. पण हे सांगितलंय ते त्याला ऐकू येत नाही. त्याच्या खोलीला खिडकी एकच आहे आणि त्यातून अख्खी ढोली दिसते. भावांच्या खोल्या मात्र दिसत नाहीत. त्याला विचारलं, घरात धान किती? तो म्हणणार, आठ पोती, आणि खाणारा मी एकटाच!

कंटेनरच्या आत अगदी हेच होतं. मेमरी किती आहे हे बघायला कुठलंही टूल प्रॉक नावाच्या फोल्डरमधली मेमइन्फो ही फाइल वाचतं. ही फाइल नेमस्पेसच्या नियमात बसवलेलीच नाही. कंटेनरमधून वाचली तरी ती अख्ख्या मशीनचा आकडा सांगते. किती वेळ सुरू आहे, लोड किती आहे, हेही अख्ख्या मशीनचंच. प्रोसेसची यादी तेवढी आपल्या खोलीपुरती.

ही चूक एकट्या माझ्यासारख्याचीच नाही. जावाची जुनी आवृत्ती कंटेनरमध्ये सुरू केली की ती मशीनची पूर्ण मेमरी बघायची, त्याचा पाव हिस्सा आपला समजून हातपाय पसरायची आणि मर्यादा ओलांडली की मारली जायची. २०१८ मध्ये जावा १० आलं तेव्हा ते आपली मर्यादा स्वतः वाचायला शिकलं. मधली कित्येक वर्षं जगभरचे इंजिनिअर मध्यरात्री उठून विचारत होते, मेमरी तर भरपूर आहे, मग हे मेलं कसं?

मला हे सगळं माहीत होतं. पुण्यात एका नव्या मुलाला मी फळ्यावर काढून समजावलं होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात बरंच अंतर असतं.

*

ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी माझ्या ते लक्षात आलं, हेही मला नीट सांगायला हवं. त्याआधी लक्षात आलं नव्हतं.

ती दिवसभर एका कापडाच्या दुकानात काम करायची आणि मावशीकडे राहायची. घड्याळ लावून पेपर सोडवायला मिळणारा वेळ म्हणजे संध्याकाळचे ते दोन तास. पहाटे ८०० मीटर धावण्याची प्रॅक्टिस वेगळी. बाकीच्या मुलींना विचारलं तर म्हणाल्या, गेली गावाकडे. धान निघालंय, घरी हात पाहिजेत. "आणि तसंही पेपर बंदच पडते, म्हणे."

त्या रात्री कुलूप लावताना हजेरीची वही हाताला लागली. मागचं पान उघडलं.

पेन्सिलीने ओळी पाडल्या होत्या. तारीख, वेळ, आत किती जण पेपर सोडवतायत, काय झालं. '७:२०, १२ जण, बंद.' 'आज ९ जण, चालू.' '७:४१, १२ जण, बंद.' '११ जण, चालू, शेवटपर्यंत.' '८:०५, १२ जण, बंद.' अशा तीन आठवड्यांच्या नोंदी. सगळ्यात खाली, त्या दिवशी खरडलेलं: 'बारावा आला की बंद. दादाला सांगितलं.'

मी लाइट परत लावली आणि बसलो.

आधी पेपर ॲपचा लॉग उघडला. ७:२० म्हणजे १९:२०. तिथे काही नाही. १९:४१, काही नाही. २०:०५ लाही नाही. मला पुन्हा तेच बरं वाटायला लागलं होतं. बघ, मशीन बरोबर आहे. पण लॉग वर सरकवताना एक ओळ दिसली: '१३:५०, सर्व्हर सुरू झाला.' दुपारी दहा मिनिटं कमी दोनला? तेव्हा तर अभ्यासिकेला कुलूप असतं. मग अजून एक: '१४:११, सर्व्हर सुरू झाला.' आणि '१४:३५'.

कंटेनरचं घड्याळ, वेगळं काही सांगितलं नाही तर, युटीसीवर चालतं. भारताच्या साडेपाच तास मागे. १३:५० मध्ये साडेपाच तास मिळवा. १९:२०. १४:११ मध्ये मिळवा. १९:४१. १४:३५ म्हणजे २०:०५.

वहीतली प्रत्येक वेळ जुळत होती. मिनिटाला मिनिट.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. भिंतीवरच्या हिरव्या पडद्याकडे पाठ केली आणि कंटेनरच्या बाहेर, खुद्द मशीनवर जाऊन कर्नलचा लॉग वाचला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: सीग्रुपची मेमरी संपली, प्रोसेस मारली. पुन्हा. पुन्हा. डॉकरला विचारलं, पेपरचा कंटेनर किती वेळा परत सुरू झाला? ३१.

अर्ध्या जीबीची मर्यादा मीच घातली होती, उन्हाळ्यात. ५१२ एमबी. एकाच ॲपने सगळी मेमरी खाऊ नये म्हणून. आणि ॲपही मीच असं लिहिलं होतं की प्रत्येक नवा पेपर उघडला की सगळे नकाशे आणि आकृत्या नव्याने मेमरीत चढायच्या, एका विद्यार्थ्यामागे चाळीसेक एमबी. अकरा जणांपर्यंत भागायचं. बारावा आला की मर्यादा ओलांडायची, कर्नल ॲपला मारायचा, एक्झिट कोड १३७. म्हणजे १२८ अधिक ९, नऊ नंबरचा सिग्नल, ज्याला कुठलाही प्रोग्राम नाही म्हणू शकत नाही. मारलं की डॉकर काही सेकंदांत परत उभं करायचा, कारण तेही मीच सांगून ठेवलं होतं. मी बघायला येईपर्यंत सगळं परत सुरू. अकरा जणांची सोडवलेली उत्तरं तेवढी गेलेली.

आणि भिंतीवर? ८ जीबीतला अर्धा जीबी गेला काय नि आला काय, रेघ जेमतेम हलायची. ४३ दिवसांचा अपटाइम मशीनचा होता, ॲपचा नव्हता. प्रोसेसच्या यादीत तर एकच नाव होतं, ग्लान्सेसचं स्वतःचं. महिनाभर ते डोळ्यांसमोर होतं. चार कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर एकच प्रोसेस कशी, हा प्रश्न मला पडला नाही. देखरेख करणाऱ्याला देखरेखीत फक्त आपण स्वतः दिसत होतो.

पडद्यावरचा एकही आकडा खोटा नव्हता. सगळे खरे होते. फक्त ते आमचे नव्हते.

*

जानेवारीत सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा असते. इलाख्यातल्या गावांमधून लोक चालत, ट्रॅक्टरने, मोटारसायकलवर येतात. तिचं गाव त्याच बाजूचं. मित्राच्या गाडीवर मागे बसून मीही निघालो. यात्रेला जातो म्हणून घरी सांगितलं, आणि ते खरंच होतं, पण पूर्ण नव्हतं.

या रस्त्यावरून जाताना दोन गोष्टी सारख्या भेटतात, ट्रक आणि तपासणी. डोंगरात लोहखनिज आहे. २००७ मध्ये इथे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी डोंगरावर उभ्या असलेल्या सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या आणि काम थांबलं. २०२१ पासून खाण पुन्हा सुरू आहे. २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टन खनिज काढायची परवानगी मिळाली. आमच्या ओळखीतली कितीतरी पोरं तिथे कामाला लागली, हेही खरं. ठाकूरदेव याच डोंगरात आहे आणि डोंगर कापला जातोय म्हणून लोक धरण्यावर बसले, हेही खरं.

एक कोटी टन. मागच्या सीटवर बसून मी हा आकडा मनात घोळवत होतो. जिल्ह्याचा आकडा, राज्याचा आकडा. गडचिरोली जिल्ह्यात ७० टक्क्यांच्या आसपास जंगल आहे, हाही असाच एक आकडा, पुण्यात मी मिरवायचो. ढोलीत काय आहे ते यातून कळतं. खोलीत काय पोचलं ते त्या खोलीत बसलेल्यालाच माहीत. मोबाइल कंपनीच्या नकाशावर आमचा अख्खा तालुका रंगवलेला दिसतो, आणि आई फोन लावायला परसातल्या मोहाच्या झाडाखाली जाते.

ती पायथ्याशी भेटली. घरच्या बायकांबरोबर होती, डोक्यावर सामान. मला बघून आधी ओळखच दाखवली नाही. मग थांबली. "जोहार, दादा."

मी वही सोबत आणली होती. काय सापडलं ते सांगायला लागलो. मेमरी, मर्यादा, घड्याळ साडेपाच तास मागे. तिने शांतपणे ऐकलं. शेवटी मी म्हणालो, "चूक माझी होती. तू बरोबर सांगत होतीस आणि मी तुला खोटं ठरवलं."

"खोटं नाही ठरवलं," ती म्हणाली. "तुम्ही माह्याकडे पाह्यलंच नाही. तिकडंच पाहून राहिले होते, भिंतीकडे."

मी काही बोललो नाही.

"एक दिवस आमच्यासंगं पेपरले बसले असते न, बारावे तुम्हीच झाले असते. लगेच समजलं असतं."

मग तिने सामान सावरलं आणि बायकांच्या मागे चढायला लागली. थोडं वर जाऊन मागे वळून ओरडली, "उत्तरं सेव्ह व्हतेत का आता?"

"होतात!"

"बरं."

*

परत येऊन मी सगळं नव्याने लावलं. त्यातही एक गोष्ट शिकलो, ती सांगून संपवतो, कारण तुमच्यापैकी कुणी असलं काही चालवत असाल तर उपयोगी पडेल.

आतल्या टूलला बाहेरचं दाखवायचं तर भिंतीला खिडक्या पाडाव्या लागतात. मशीनच्या प्रोसेसची यादी हवी, तर कंटेनरला मशीनचीच पीआयडी नेमस्पेस द्यावी लागते. डिस्क बघायची, तर मशीनचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं आत जोडावं लागतं. दुसऱ्या कंटेनरची मर्यादा आणि वापर बघायचा, तर सर्वांत सोपा रस्ता म्हणजे डॉकरचं सॉकेट आत देणं. मी उत्साहात सगळंच दिलं. पहिल्याच संध्याकाळी एका मुलाने भिंतीकडे बघत मोठ्याने वाचलं, "दादा, हा पासवर्ड कशाचा?" प्रोसेसच्या यादीत पूर्ण कमांड दिसते, आणि पेपर ॲप सुरू करताना मी पासवर्ड कमांडमध्येच लिहिला होता. वीस जणांसमोर, चाळीस सेंटिमीटरच्या पडद्यावर.

सॉकेटचं तर त्याहून वाईट. ते मी 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून जोडलं होतं. पण ते सॉकेट म्हणजे वाचायची फाइल नाही, ती डॉकरशी बोलायची नळी आहे. 'फक्त वाचा' ही अट त्या फाइलला लागते, नळीतून काय बोललं जातं त्याला लागत नाही. त्यातून कुणीही नवा कंटेनर उभा करू शकतो, जुना मारू शकतो, मशीनचा ताबा घेऊ शकतो. राखणदाराला खिडकी देतोय असं वाटत असताना मी त्याच्या हातात घराची किल्ली दिली होती.

आमच्या भागात ही गोष्ट मला जास्त टोचली. इथे नजर ठेवली जाणं ही कुणाला नवलाची बाब नाही. कुठून आलास, कुठे चाललास, नाव काय, हे इथल्या माणसाने आयुष्यभर ऐकलंय, दोन्ही बाजूंकडून. दिवसा एकाने विचारायचं, रात्री दुसऱ्याने. सगळं दिसणाऱ्याला आपली अडचण दिसतेच असं नाही, हे त्यांना मला सांगावं लागत नाही. मराठीत नजर ठेवणं वेगळं आणि लक्ष देणं वेगळं. पुण्यात सात वर्षं मी जे करत होतो त्याला दोन्हींतलं काय म्हणायचं, याचा तोवर विचारच केला नव्हता.

धान पिकल्यावर रानडुकरांसाठी रात्री जागल करावी लागते. आजोबा करायचे. मचाण शेतातच असायचं, बांधापलीकडे नाही, पण पिकापेक्षा वर. खाली बसलं तर धानाच्या ओंब्यांपलीकडे दिसत नाही, आणि घराच्या माळवदावरून बघितलं तर डुक्कर कुठल्या बांधीत शिरलं ते कळत नाही. आणि वर बसूनही ते अंधारात बघण्यापेक्षा ऐकायचेच जास्त.

आता सॉकेट काढून टाकलं आहे. मशीनवर, कंटेनरच्या बाहेर, एक दहा ओळींची स्क्रिप्ट दर मिनिटाला प्रत्येक कंटेनरच्या सीग्रुपमधल्या दोन फायली वाचते: किती वापरलं आणि किती चालेल. सोबत किती वेळा परत सुरू झाला तो आकडा. हे तिन्ही ती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते, आणि भिंतीवरच्या टूलला तेवढी एकच फाइल दिसते. घड्याळ भारताचं केलं. आकृत्या आता एकदाच मेमरीत चढतात, सगळ्यांना मिळून. प्रत्येक उत्तर लगेच डिस्कवर जातं. मर्यादा १ जीबी केली. पासवर्ड बदलला.

पडद्यावर सर्वांत वर एक ओळ वाढवली आहे, ती कुठलंही टूल भरत नाही. 'आत बसलेले:' आणि पुढे आकडा. दाराजवळ जो बसलेला असेल तो वही बघून टाइप करतो. आठवड्यातून एक दिवस मीही मोबाइल घेऊन खुर्चीवर बसतो आणि पूर्ण पेपर सोडवतो. मागच्या वेळी १०० पैकी ५८ पडले. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत पोरं माझ्या पुढे आहेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती परत आली. काही बोलली नाही, कोपऱ्यातली नेहमीची खुर्ची ओढली, घड्याळ लावलं. नव्वद मिनिटं मी भिंतीकडे न बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही, दोनदा बघितलं.

रात्री कुलूप लावताना वहीचं मागचं पान उघडलं. पेन्सिलीने एक नवी ओळ होती.

'८:४०, १७ जण, चालू.'